फ्रेझरपुऱ्याचे पत्र आणि अकोल्याचा चष्मा

कुटुंब-पानासाठी जी पत्रे येतात, त्यांत बहुतेक मुलींच्या स्थळांची, दारूची, नाही तर जातपडताळणीच्या हेलपाट्यांची असतात. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यातून आलेले एक पत्र मात्र निराळे निघाले. एका शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या उपासिका भगिनीचे. मोठा मुलगा तेवीस वर्षांचा, अकोल्याच्या एमआयडीसीत दालमिलमध्ये कामाला. दर रविवारी तो डोळ्यांवर कसला तरी मोठा चष्मा चढवून गेम खेळायला जातो. धाकटा अकरा वर्षांचा, सहावीत. सुट्टीत भावाकडे गेला की तोही तो चष्मा लावतो आणि घरी आल्यावर झोपेत बडबडतो. पुढे ताईंनी लिहिले होते, "मोठ्याले काई म्हणता येत नाई, लहान्याले काई समजत नाई. आता माय म्हणून मी काय करावं ते पेपरात सांगा."

पेपरात सांगण्याआधी पाहून यावे, असे आम्ही ठरवले. ज्या वस्तूविषयी बोलायचे ती आम्हीही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

बडनेऱ्याला उतरून शहर बसने अमरावतीत शिरलो. इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केल्याशिवाय आपला माणूस पुढे सरकत नाही. 14 एप्रिलला तर या चौकात पाय ठेवायला जागा नसते. अमरावती म्हटले की आमच्या पिढीला 1927 साल आठवते. अंबादेवीचे मंदिर खुले व्हावे म्हणून इथे सत्याग्रहाची तयारी चालली होती, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. परिषद भरली ती नाटकगृहात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. करमणुकीच्या जागेचे आपल्या चळवळीला कधी वावडे नव्हते. तमाशाच्या फडातले शाहीर आंबेडकरी जलशात आले आणि जे काम शंभर भाषणांनी झाले नसते ते त्यांनी डफावर केले. तेव्हा गेम म्हटले की तोंड वाकडे करायचे, हा संस्कार आपला नव्हे. तो कुठून आला हे शोधायचे तर वेगळा लेख लिहावा लागेल.

फ्रेझरपुऱ्यात ताईंचे घर दोन खोल्यांचे. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, रमाई आणि शेजारी शाळेचे एक प्रमाणपत्र. ताईंचे यजमान बाजार समितीत हमाली करतात, ते संध्याकाळी आले. या वस्तीतल्या आयांना अलीकडे मुलांना सांगायला एक हक्काचे उदाहरण मिळाले आहे. याच फ्रेझरपुऱ्यात लहानपण गेलेले आणि नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले भूषण गवई 14 मे 2025 रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. ताईंनीही ते धाकट्याला दहादा सांगितले आहे. अकराव्या वेळी तो म्हणाला, "ते लहानपणी खेळत नव्हते काय?" ताईंना हसूही आले आणि रागही.

यजमानांचे म्हणणे सरळ होते. "थोरल्याले इकडे बोलवून घ्या. एक लाफा मारतो, चष्मा उतरते." ताई म्हणाल्या, "तेवीस वर्षांच्या पोराले लाफा मारसान, अन् महिन्याले तो पैसे पाठवते ते घेसान कोणत्या हातानं?" यजमान गप्प बसले. आम्हीही गप्प बसलो, कारण सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. ताई, धाकटा आणि आम्ही बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला निघालो. रस्त्यानेही जाता आले असते. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव नोंदवले गेले. त्याआधी कितीतरी वर्षे याच रस्त्यावर खड्ड्यांनी लोकांच्या कमरा मोडल्या, त्याची नोंद कोणत्याच बुकात नाही. ताईंना बस लागते, म्हणून गाडीच बरी.

कुरूम, माना, मूर्तिजापूर. दोन्हीकडे कपाशी आणि तुरीची शेते. मूर्तिजापूरला गाडी थांबली की जुनी माणसे अजून शकुंतलेची आठवण काढतात. अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ती छोटी गाडी आता बंद आहे. आम्ही खिडकीतून बाहेर पाहत होतो. डब्यातले बाकीचे सगळे हातातल्या मोबाइलमध्ये पाहत होते. एक गृहस्थ पत्ते खेळत होते, मोबाइलवरच. त्यावरून आम्हाला जुलै 2025 मधली गोष्ट आठवली. राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. खेळत नव्हतो, जाहिरात आली ती बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे खाते बदलले आणि त्यांना नवे खाते मिळाले ते क्रीडा! वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाने यावर हसावे की रडावे ते त्यानेच ठरवावे.

अकोल्याला थोरला स्टेशनवर घ्यायला आला होता. पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. आधी आईच्या पाया पडला, मग आम्हाला जय भीम घातला. मुलगा बिघडला आहे असे कुठूनही वाटेना. अशोक वाटिकेत जाऊन वंदना केली आणि बाहेर चहा घेताना त्याने स्वतःच विषय काढला. "काका, मायनं तुमाले पत्र लिवलं ते मले माईत आहे. तुमी आधी पाहून घ्या, मग काय म्हणायचं ते म्हणा."

तो आम्हाला घेऊन गेला ते दुकान बाजारपेठेतल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर होते. आत खेळण्याच्या चार जागा, प्रत्येकीभोवती जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून चौकोन केलेला. याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव म्हणतात. मुले नुसते व्हीआर म्हणतात किंवा चष्मा. वजन साधारण अर्धा किलो. आत दोन भिंगे असतात आणि त्यांच्यामागे पडदा. डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगवेगळे चित्र दिसते, म्हणून ते सपाट न वाटता खोल वाटते. डोके वळवले की चित्रही वळते. टीव्हीवर आपण खिडकीतून बघितल्यासारखे बघतो, इथे खिडकीच राहत नाही. दोन हातांत दोन मुठी देतात, त्या हलवल्या की आत आपले हात हलतात.

आम्ही लावून पाहिला. उंच इमारतीच्या टोकाला आहोत, पुढे एक लाकडी फळी, खाली खोल रस्ता. आपण दुकानातल्या फरशीवर उभे आहोत हे पक्के ठाऊक असूनही पाऊल पुढे पडेना. मग ताईंनी लावला. त्यांनी अर्धे पाऊल टाकले आणि "अवो माय!" म्हणून खालीच बसल्या. दुकानातले सगळे हसले, ताईही हसल्या. चष्मा काढल्यावर थोडा वेळ भिंत धरून उभ्या राहिल्या. डोळे सांगतात की आपण पुढे गेलो, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे ते सांगते की आपण जागेवरच आहोत. दोघांची साक्ष जुळत नाही, म्हणून मळमळते, गरगरते. सवयीने काहींचे कमी होते, काहींचे होत नाही.

एवढे झाल्यावर ताई हळूच बोलल्या, "हे तर खरंच वाटते भाऊ. मले वाटलं होतं, मोबाइलसारखं असन." ज्या आईला पत्र लिहिण्याइतकी काळजी होती, तिने ती वस्तू पहिल्यांदा पाहिली ती त्या दिवशी. वाचकहो, घराघरात हेच चालले आहे. मुले काय खेळतात हे आपल्याला शेजाऱ्याकडून कळते, नाही तर वर्तमानपत्रातल्या अपघाताच्या बातमीतून.

बातमीवरून आठवले. अकोल्याहून पूर्णेकडे जो लोहमार्ग जातो त्यावर वाशीम आणि पुढे हिंगोली आहे. मार्च 2019 मध्ये हिंगोलीजवळ रुळाकडेला पब्जी खेळण्यात गुंग झालेले दोन तरुण गाडीखाली सापडले, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. एक चोवीस वर्षांचा, एक बावीस. दोघेही सज्ञान. त्याच महिन्यात गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी पब्जीवर बंदी घालून दहा जणांना पकडले होते. पुढे 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने पब्जी बंद केला, तोही मुलांच्या काळजीने नव्हे, देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन. 2021 मध्ये तोच खेळ नाव बदलून आला, 2022 मध्ये पुन्हा थांबवला गेला, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. सरकारच्या बंदीच्या भरवशावर ज्यांनी मुले वाढवली असतील त्यांची या चार वर्षांत काय गत झाली असेल! चीनने 2021 मध्ये अठराखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच ऑनलाइन खेळ ठेवला. तिथे सरकारच बाप झाले. आम्हाला तसला बाप नको. ज्या समाजाने पाण्यापासून रस्त्यापर्यंत दुसऱ्याच्या परवानगीने जगून पाहिले आहे, त्याने सज्ञान माणसाच्या रविवारची किल्ली पोलिसाच्या हाती देताना दहादा विचार करावा.

थोरल्याचे म्हणणे आम्ही नीट ऐकून घेतले. ते जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो. "आठवडाभर तुरीच्या भुकटीत उभा असतो काका. नाकातोंडात पिवळं जाते. मशीनच्या आवाजानं संध्याकाळी कानात घूं घूं होते. मी दारू पीत नाई, खर्रा खात नाई. पैसा लावून काई खेळत नाई. मिलमधले दोघं जण मोबाइलवर टीम लावून लावून कर्जात बुडाले, ते मी पाह्यलं. रविवारी दोनशे रुपये इथं खर्च करतो, एखाद तास मले दालमिल दिसत नाई. त्यात कोणाचं काय जाते?"

कोणाचे काही जात नाही, असेच आम्हाला वाटते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती 1946 मध्ये त्यांनी मांडली. ते सहा तास कामगाराच्या पदरात टाकले ते त्याने ते कसे घालवले याचा हिशेब द्यावा म्हणून नव्हे. यंत्र आले तर माणसाला उसंत मिळेल आणि उसंत मिळाली तर तो माणसासारखा जगेल, असा मुद्दा त्यांनी गांधीवादाच्या विरोधात ठासून मांडला होता. श्रीमंताचा मुलगा व्हीआर खेळला तर तो तंत्रज्ञानात पुढे चालला म्हणतात. आपला मुलगा खेळला की वाया गेला म्हणतात. हा दुटप्पीपणा बाहेरचे करतात तोवर समजू शकते. आपण आपल्याच घरात तो कशाला करावा?

पैसा लावण्याचा खेळ मात्र वेगळा धरला पाहिजे, आणि थोरल्याने तो वेगळा धरला याचे आम्हाला समाधान वाटले. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक होतो, हातचे धन जाते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, आणि जुगाऱ्याला बायको पोसता येणार नाही म्हणून सोयरिकीला कोणी उभे करत नाही. हा शेवटचा तोटा ऐकताच ताईंनी थोरल्याकडे अशा नजरेने पाहिले की तो लाजला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सावज आणि शिकारी यांत फरक केला, हे चांगले झाले.

त्याच सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये आहेत: मुलाला वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे लावणे, हुन्नर शिकवणे, अनुरूप लग्न लावून देणे आणि योग्य वेळी वारसा त्याच्या हाती सोपवणे. पहिल्या चारांवर आपल्याकडे प्रवचने होतात. पाचव्यावर कोणी बोलत नाही. वारसा म्हणजे फक्त घर आणि शेत नव्हे. स्वतःविषयी निर्णय घेण्याचा अधिकार हाही वारसाच, आणि तोही वेळेवर सोपवायचा असतो. पंचशील घेताना आपण सगळे समादियामि म्हणतो. म्हणजे मी स्वतः घेतो. भिक्खूने विनयाचा नियम मोडला तर संघ त्याला दंड देतो. उपासकाचे शील त्याचे त्याने घेतलेले आणि त्याचे त्याने पाळायचे असते. आईला मुलाच्या वतीने समादियामि म्हणता येत नाही. तेवीस वर्षांच्या मुलाच्या वतीने तर नाहीच. अठराव्या वर्षी ज्याला खासदार निवडता येतो, त्याला रविवारचा खेळ निवडता येत नाही असे म्हणायचे असेल तर आधी मतदानाचे वय बदलून घ्या.

ताईंना हे सगळे पटले असे नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "ठीक आहे, तो मोठा आहे. मले आवडत नाई, हे तरी मले म्हणता येते ना?" म्हणता येते, दररोज म्हणता येते. नाराजी बोलून दाखवणे हा आईचा हक्क आहे.

आता धाकट्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो एका चौकोनात जाऊन उभाही राहिला होता. दुकानाच्या पोऱ्याने त्याला ओळखले, चष्मा चढवला, पट्टा आवळला. वय कोणी विचारले नाही. पट्टा आवळूनही चष्मा नाकावरून घसरतच होता, कारण तो मोठ्या माणसाच्या डोक्याच्या मापाचा. लहान मुलाच्या दोन डोळ्यांतले अंतर कमी असते, ते भिंगांशी नीट जुळत नाही. सोनी कंपनी स्वतःच्या चष्म्याविषयी सांगते की बारा वर्षांखालच्या मुलाने तो वापरू नये. मेटा कंपनीची अट आधी तेरा वर्षांची होती. 2023 मध्ये त्यांनी ती दहावर आणली, पण दहा ते बारा वर्षांच्या मुलाचे खाते आईबापाने उघडायचे आणि आईबापाच्या ताब्यात ठेवायचे, अशी अट घातली. माल विकणाराच वयाची अट घालतो तेव्हा त्यामागे काही कारण असणार, एवढे तरी दुकानदाराला कळायला हवे.

आम्ही धाकट्याच्या जवळ गेलो. चष्म्याच्या कडेच्या लहान कर्ण्यातून बारीक आवाज येत होता. कोणी तरी मोठा पुरुष हिंदीत बोलत होता आणि मध्येच शिवी देत होता. "कोण आहे रे तो?" विचारले तर धाकटा म्हणाला, "मले काय माईत. तो रोज असते." ताईंचा चेहरा उतरला. फळीला त्या हसल्या होत्या, इथे हसल्या नाहीत.

हेच समजून घेण्यासारखे आहे. या खेळांत अनेक खोल्या अशा असतात की तिथे जगातून कुठूनही माणसे येतात, बाहुल्यांच्या रूपात वावरतात आणि खऱ्या आवाजात बोलतात. बाहुली लहान मुलाची, आत बसलेला चाळिशीचा, असेही असते. बाहुल्यांच्या अंगचटीला येण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की फेब्रुवारी 2022 मध्ये मेटा कंपनीने प्रत्येक बाहुलीभोवती सुमारे चार फुटांचे अंतर राखण्याची सोय केली. जानेवारी 2024 मध्ये ब्रिटनमधून बातमी आली. सोळा वर्षांखालच्या एका मुलीच्या बाहुलीवर अशा खेळात अनेकांनी मिळून हल्ला केला आणि तिथले पोलीस त्याचा तपास करत होते. अंगाला कोणी हात लावला नव्हता, पण मुलगी खरी होती आणि भीतीही खरी होती. तेवीस वर्षांचा माणूस अशा खोलीतून उठून जातो. अकरा वर्षांच्या मुलाला उठून जायचे असते हेही कळत नाही. त्याला वाटते, मोठे माणसे अशीच बोलतात.

पलीकडच्या चौकोनात दोन मुली खेळत होत्या. एकीच्या गळ्यात कृषी विद्यापीठाचे ओळखपत्र. त्या हातातल्या मुठींनी हवेत येणारे ठोकळे तालावर तोडत होत्या आणि खूप हसत होत्या. आम्ही विचारले, की लोकांच्या खोलीत जाता का? एक म्हणाली, "नाही सर, मुलीचा आवाज ऐकला की मागे लागतात. आम्ही फक्त आमचंच खेळतो." ताई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या मनात काय आले ते त्यांनी सांगितले नाही. आमच्या मनात आले ते एवढेच: सज्ञान मुलाच्या स्वातंत्र्याविषयी आपण एवढे बोललो, ताईंना मोठी मुलगी असती आणि ती अशी रविवारी एकटी अकोल्यात खेळायला गेली असती, तर यजमानांचा लाफा कुठे थांबला असता?

दुकानातून खाली आल्यावर थोरल्याला आम्ही एकच गोष्ट विचारली. तू भावाला इथे आणतोस तेव्हा त्याचा चष्मा कुठे उघडतो ते पाहतोस का? तो म्हणाला, "मी माह्या चष्म्यात असतो काका. मले बाहेरचं काई दिसत नाई." हे त्याने इतक्या सरळपणे सांगितले की रागवावेसेही वाटले नाही. पण सगळी गोम तिथेच होती. एकट्याने खेळताना तो मुक्त आहे. धाकट्याचा हात धरून जिना चढला त्या क्षणी तो आईबापाच्या जागी उभा राहतो, आणि आईबापाच्या जागी उभे राहिलेल्याने त्या तासात स्वतःचा चष्मा लावायचा नसतो.

विनयात एक कथा आहे. राहुल लहान असताना त्याला प्रव्रज्या दिली गेली, तेव्हा शुद्धोदनाने तथागतांजवळ दुःख व्यक्त केले: आईबापांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ते मान्य केले आणि तसा नियम झाला. संघात जाण्यासारख्या थोर गोष्टीलाही आईबापांचा होकार लागतो, मग खेळाच्या खोलीत जायला लागू नये? आणि पुढे राहुलाला जो उपदेश झाला तो आज प्रत्येक आईने मुलाला द्यावा इतका साधा आहे. आरसा कशासाठी, तर पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे की याने मला किंवा दुसऱ्याला पीडा होते का. सम्राट अशोकाने आपल्या एका लेखात जी मोजकी सुत्ते आवर्जून ऐकायला सांगितली, त्यांत राहुलाला केलेला उपदेश आहे. आम्ही तो धाकट्याला त्याच्या भाषेत सांगून पाहिला. तो म्हणाला, "खेळल्यावर रात्री झोप लागत नाई." हे त्याने आजवर आईला सांगितले नव्हते, कारण सांगितले तर सुट्टीत अकोल्याला पाठवणार नाही ही भीती. भीती घातली की मूल खेळ सोडत नाही, फक्त सांगणे सोडते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. अठराखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी आईबापांची पडताळलेली संमती घ्यावी, असे तो सांगतो. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कायदा बरा आहे. पण संमतीचा तो चौकोन दाबायला मोबाइल आईचा लागेल, आणि आपल्याकडे आईचा मोबाइल मूलच हाताळते.

दुपारी जेवण थोरल्याच्या खोलीवर झाले. तिघे जण मिळून राहतात, भाकरी शेजारच्या मावशी करून देतात. जेवताना माय-लेकात जे ठरले ते फार मोठे नव्हते. थोरला रविवारी जाणार. मायला ते आवडणार नाही. दोघांनीही ते एकमेकांना सांगून टाकले. धाकटा बारा पूर्ण होईपर्यंत चष्मा लावणार नाही. त्यानंतर लावला तर वीस मिनिटे, बसून खेळायचा खेळ, लोकांची खोली बंद, आणि थोरला शेजारी उघड्या डोळ्यांनी उभा. चष्म्यात दिसते ते बाहेरच्या मोबाइलवर किंवा टीव्हीवर दाखवता येते, ही सोय दुकानात होतीच. कोणी मागितली नव्हती म्हणून चालू केली नव्हती. थोरला परत जाऊन दुकानदाराशी बोलला. दुकानदार वाईट माणूस नव्हता. खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याने स्केचपेनने वयाची अट लिहिली आणि गल्ल्यावर टांगली. धाकट्याने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि तोंड फुगवले.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती. बोरगाव गेले तसा धाकटा मायच्या मांडीवर झोपला. ताईंनी पिशवीतून यजमानांचा जुना मोबाइल काढला. शाळेचा अभ्यास म्हणून तो धाकट्याकडेच असतो आणि त्यावरच्या खेळातही तसलेच आवाज येतात, हे त्यांना आता समजले होते. समोरच्या बाकावर एक कॉलेजची मुलगी बसली होती. ताईंनी तिलाच विचारले, "बाई, याच्यात माह्या मोबाइलवरून कुलूप लावता येते म्हणतात, ते कसं?" मुलगी पुढे सरकून बसली. मूर्तिजापूर गेले, माना गेले. कुरूम यायच्या आत तिने ते लावून दिले, आणि ताईंनी दोनदा स्वतः उघडून, बंद करून पाहिले.